चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजायचंय? आधी चाक चालवा, गुणाकार नंतर

नेरुळला आमच्या सोसायटीत इमारतींभोवती एक आतला रस्ता आहे. सकाळ-संध्याकाळ निम्मी सोसायटी त्यावर चालते. गेटजवळच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘एक फेरी ५०० मीटर’. शंका आली म्हणून तिघांनी सायकलच्या चाकाने मोजलं. एकाचं उत्तर ४४५ मीटर, दुसऱ्याचं ४६२ आणि माझं ४३७.

सूत्र तिघांचंही एकच होतं: अंतर = चाकाचा परीघ × फेरे. गुणाकारही तिघांचा बरोबर होता. फरक पडला तो गुणाकाराच्या आधी. पहिल्याने टायरवरचा ‘२६’ हा आकडा पाहून परीघ काढला. दुसऱ्याचा परीघ अचूक होता, पण तो रस्त्याच्या बाहेरच्या कडेने गेला. सायकलवाल्या मित्रांत, मुलांच्या प्रकल्पात, सोसायटीच्या ट्रॅकवर, सगळीकडे मला ह्याच दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून सगळी कृती क्रमाने लिहितो आहे. क्रम मोडू नका. हवा भरण्याआधी परीघ मोजला की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आधी जमवायच्या गोष्टी

स्टीलचा टेप हवा, शक्यतो ३० मीटरचा. बांधकामाच्या मिस्त्रीकडे असतो, दोन तासांसाठी मागून आणता येतो. शिंप्याचा किंवा कापडी टेप नको, तो ताणला की वाढतो. शिवाय हवेचा दाब दाखवणारा पंप, खडू, थोडा ओला गेरू, कपड्यांचा चिमटा, जाड प्लास्टिकची पट्टी, मूठभर चिंचोके, वही-पेन आणि एक मदतनीस. मदतनीस दहा-बारा वर्षांचा असला तरी चालेल. मोठ्यांपेक्षा मुलं फेरे कमी चुकवतात, असा माझा अनुभव आहे.

तपासा: टेपचा शून्य कुठे आहे? काही टेपांत तो कडीच्या बाहेरच्या टोकाला असतो, काहींत पट्टीवर थोडा आत छापलेला असतो. टेप पसरण्याआधी हे डोळ्यांनी पाहून घ्या. इथे चुकलात तर प्रत्येक मापात तितकेच सेंटिमीटर चुकतील आणि मापं आपसात जुळत असल्यामुळे चूक लक्षातही येणार नाही.

टप्पा १: कोणतं चाक मोजणार ते ठरवा

पुढचं चाक घ्या. मागच्या चाकावर पायडलचा जोर येतो, त्यामुळे ओल्या किंवा वाळू पडलेल्या रस्त्यावर ते किंचित घसरू शकतं. पुढचं चाक नुसतं रस्त्याबरोबर गडगडत जातं. आपलं सूत्र चाक न घसरता गडगडण्यावरच उभं आहे. चाक घसरलं तर फेरे आणि अंतर यांचं नातं तुटतं.

एकदा ठरवलं की परीघही त्याच चाकाचा आणि फेरेही त्याच चाकाचे. दोन्ही टायर एकाच मापाचे असले तरी परीघ सारखा भरत नाही, कारण मागच्या चाकावर बसणाऱ्याचं वजन जास्त येतं आणि टायर जास्त दबतो. वळणावर तर दोन्ही चाकं वेगवेगळ्या वाटेने जातात. मागचं चाक आतून, थोडं कमी अंतर कापतं.

सावधान: मोजताना पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. चाक अडकून फरपटलं तर तेवढं अंतर फेऱ्यांत येतच नाही.

टप्पा २: हवा भरा आणि दाब लिहून ठेवा

टायरच्या बाजूला दाबाची मर्यादा छापलेली असते. त्या मर्यादेत राहून तुम्ही नेहमी ठेवता तेवढी हवा भरा आणि आकडा वहीत लिहा. माझ्या पुढच्या चाकात ४५ पीएसआय असतो.

हवेने असा किती फरक पडणार, असं वाटतं. मी एकदा मुद्दाम हवा २५ पीएसआयपर्यंत सोडून मोजलं. एका फेऱ्यात १.२ सेंटिमीटर कमी भरलं. आकडा क्षुल्लक दिसतो. पण एका किलोमीटरला या चाकाचे सुमारे ४९० फेरे होतात, म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ ६ मीटर. ट्यूबमधून थोडी थोडी हवा रोजच कमी होत असते. पंक्चर नसलं तरी पंधरा दिवसांपूर्वी मोजलेला परीघ आज तसाच्या तसा वापरू नका.

उन्हाचंही तेच. सकाळी सहाला मोजलेलं चाक दुपारच्या तापलेल्या डांबरावर आलं की आतली हवा तापून दाब वाढतो. परीघ आणि अंतर एकाच वेळी, लागोपाठ मोजायचं. मोठं अंतर असेल तर शेवटी परीघ पुन्हा एकदा तपासायचा. स्टीलचा टेपही उन्हाने वाढतो, पण इतका थोडा की या कामात त्याची चिंता करू नका.

टप्पा ३: जागा निवडा

सरळ, सपाट, २५ मीटर तरी लांब अशी जागा लागते. इमारतीखालचं सिमेंटचं पार्किंग उत्तम. नवी मुंबईत जिकडेतिकडे पेव्हर ब्लॉक आहेत, ते टाळा. चाक प्रत्येक सांध्यात किंचित खाली जातं, वर येतं, आणि टेप मात्र सरळ वरून जातो. उतारही नको. सायकल उतारावर धावायला लागली की ब्रेक लागतो, आणि ब्रेकबद्दल वर सांगितलंच.

खडूने एक लांब सरळ रेघ मारा. सायकल या रेघेवरून चालवायची आहे.

टप्पा ४: चाक चालवून परीघ मिळवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक चाकाला उभा टेप लावून व्यास मोजतात आणि ३.१४ ने गुणतात. स्टँडवर टांगलेल्या चाकाचा तो परीघ असतो. तुम्ही बसल्यावर टायर खाली दबतो आणि चाक एका फेऱ्यात त्याहून कमी पुढे जातं. आपल्याला हवं आहे ते हे कमी झालेलं माप.

१. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली, जमिनीजवळ आणा. त्याच्या बरोबर खाली टायरवर ओल्या गेरूचा ठिपका लावा, साधारण शर्टाच्या बटणाएवढा. गेरू पाण्याने निघतो, त्यामुळे वॉचमनची तक्रार येत नाही. रंग वापरू नका.

२. ज्याला पुढे अंतर मोजायचं आहे, त्यानेच सायकलवर बसायचं. नेहमीची पिशवी कॅरिअरवर असते? मग आत्ताही ठेवा. मदतनीसाने मागून सीट धरून तोल सांभाळायचा.

३. रेघेवरून सावकाश, पण डुगडुगणार नाही इतक्या वेगाने सरळ जा. प्रत्येक फेऱ्याला जमिनीवर गेरूचा एक ठिपका उमटेल. ठिपके फिके होत जातात, पण अकरापर्यंत दिसतात. मध्येच पुसट झाले तर गेरू थोडा घट्ट कालवून पुन्हा करा.

४. पहिल्या ठिपक्याच्या मधोमधपासून अकराव्याच्या मधोमधपर्यंत टेप ताणून धरा.

सावधान: अकरावा ठिपका, दहावा नाही. पहिला ठिपका म्हणजे सुरुवात, तेव्हा एकही फेरा झालेला नसतो. अकरा ठिपक्यांमध्ये दहा अंतरं असतात. दहाव्या ठिपक्यापर्यंत मोजून दहाने भागलं तर परीघ दहा टक्के कमी येतो. ही चूक मी चांगल्या शिकलेल्या माणसांना करताना पाहिलं आहे.

दहा फेरे का, एकच का नाही? एक फेरा मोजताना ठिपक्याचा मध्य धरण्यात १ सेंटिमीटरची चूक सहज होते. ती चूक प्रत्येक फेऱ्याला लागू झाली तर किलोमीटरमागे ४.९ मीटर होतात. तीच १ सेंटिमीटरची चूक दहा फेऱ्यांत एकदाच झाली तर ती अर्ध्या मीटरवर येते.

हे सगळं तीनदा करा. माझी मापं अशी आली: २०.३८ मी, २०.३६ मी, २०.४० मी. सरासरी २०.३८ मी. दहाने भागून एका फेऱ्याचे २.०३८ मी, म्हणजे २०३.८ सेमी.

तपासा: तिन्ही मापांत ४-५ सेंटिमीटरच्या आतच फरक हवा. एखादं माप बरंच कमी आलं असेल तर सायकल वाकडी गेली असणार. वाट वाकडी झाली की दोन टोकांमधलं सरळ अंतर कमीच भरतं. ते माप खोडा आणि पुन्हा घ्या. त्याची सरासरीत भर घालू नका.

टप्पा ५: सूत्राने पडताळा घ्या

आता व्यास काढा. सूत्राने आलेला परीघ वापरायचा नाही, पण टप्पा ४ मध्ये मोठी गफलत झाली असेल तर ती तो दाखवतो.

सायकल उभी करून, चाकावर वजन न देता, चाकाचा बाहेरचा व्यास मोजा. टायरच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, टेप चाकाच्या मधून जाईल असा. रिमपासून रिमपर्यंत मोजू नका, रस्त्याला टायर लागतो. सुताराचा गुण्या असेल तर तो जमिनीवर उभा ठेवून टायरच्या वरच्या टोकाची उंची घ्या, ते सोपं जातं. माझ्या चाकाचा व्यास ६५.५ सेमी भरला. गुणिले ३.१४१६ केलं की २०५.८ सेमी.

चालवून आलेलं माप २०३.८. सूत्राचं त्याहून २ सेमी जास्त, सुमारे एक टक्का. असंच यायला हवं. चालवून आलेलं माप सूत्रापेक्षा जास्त आलं तर कुठेतरी घोटाळा आहे: ठिपके मोजायला चुकलात, नाहीतर टेपचा शून्य चुकला. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तरीही टप्पा ४ वर परत जा.

आमच्या ४४५ मीटरवाल्या शेजाऱ्यांनी काय केलं होतं? २६ इंच गुणिले २.५४ म्हणजे ६६.०४ सेमी, गुणिले ३.१४१६ म्हणजे २०७.५ सेमी. टायरवरचं ‘२६’ हे फक्त नाव आहे. त्या नावाखाली जाड टायरही येतात, बारीकही येतात, आणि प्रत्येकाचा खरा व्यास वेगळा असतो.

‘पाय’ची किंमत ३.१४ घ्यावी, २२/७ घ्यावी की ३.१४१६, यावर लोक फार डोकं चालवतात. २२/७ घेतल्याने एका किलोमीटरला सुमारे ४० सेंटिमीटरचा फरक पडतो. हवा कमी असल्याने ६ मीटर जातात. तुमचा वेळ पंपावर घालवा.

टप्पा ६: कोणत्या रेषेवरून जाणार ते आधी ठरवा

सोसायटीतलं खरं भांडण इथे होतं.

बंद वाटोळ्या रस्त्यावर आतल्या बाजूने चाललं तर फेरी छोटी, बाहेरच्या बाजूने मोठी. किती मोठी? जितके मीटर बाहेर सरकलात, त्याला ६.२८ ने गुणा. रस्ता गोल असो, लांबट असो, मधेच आत वळलेला असो, वळणं गोलाईची असतील तर एवढाच फरक पडतो. फेरी १०० मीटरची असो की ५ किलोमीटरची, त्याने काही बदलत नाही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. खडूने जमिनीवर दोन आकृत्या काढून दोरीने मोजून पाहिलं, तेव्हा पटलं.

आमचा रस्ता ५ मीटर रुंद आहे. मी आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून गेलो. ज्यांचं उत्तर ४६२ आलं ते बाहेरच्या कडेजवळून, माझ्यापेक्षा ४ मीटर बाहेरून गेले. ४ × ६.२८ = २५ मीटर. ४३७ आणि २५ मिळून ४६२. आम्ही दोघेही बरोबर होतो.

कोपरे काटकोनी असतील आणि तुम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन वळत असाल, तर ६.२८ ऐवजी ८ ने गुणायचं.

धावण्याच्या शर्यतींचे रस्तेही फेऱ्या मोजणारं यंत्र बसवलेल्या सायकलीनेच मोजतात. तिथे वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर धरून, धावपटूला मिळू शकेल तो सगळ्यात जवळचा मार्ग घेतात. तुम्हीही तेच करा: आतली कड, ३० सेंटिमीटर. रेषा आखणं शक्य नसेल तर निदान वळणांवर खडूच्या खुणा करा.

टप्पा ७: फेरे मोजा

चिमट्याने प्लास्टिकची पट्टी पुढच्या दांडीला अशी अडकवा की ती तारांना लागणार नाही. मग एकाच तारेला, व्हॉल्व्हजवळ, चिकटपट्टीचा छोटा कोंब करा. आता प्रत्येक फेऱ्याला एकदाच ‘टक’ ऐकू येईल. पट्टी सगळ्या तारांना लागत असेल तर नुसता खडखडाट होतो आणि मोजता काहीच येत नाही.

मनात शंभरपर्यंत मोजायचा प्रयत्न करू नका. कुणीतरी “काय काका, नवीन सायकल?” विचारतं आणि आकडा हरवतो. डाव्या खिशात चिंचोके ठेवा. एक ते दहा मोजा, दहा झाले की एक चिंचोका उजव्या खिशात टाका आणि पुन्हा एकपासून सुरू करा. मदतनीस सायकलमागून धावत वेगळं मोजत असेल तर उत्तम. शेवटी दोघांचे आकडे जुळायला हवेत.

सुरुवातीला व्हॉल्व्ह बरोबर खाली, सुरुवातीच्या रेघेवर. शेवटच्या रेघेवर पोचाल तेव्हा बहुधा फेरा अर्धवट असेल. तो अंदाजाने ‘अर्धा’ किंवा ‘पाऊण’ लिहू नका, तारा मोजा. आधी चाकात एकूण किती तारा आहेत ते पाहा. माझ्यात ३६ आहेत. मग चाक जिथे जमिनीला टेकलं आहे तिथून मागच्या बाजूने वर व्हॉल्व्हपर्यंतच्या तारा मोजा. तारा रिमजवळ मोजा, हबजवळ त्या एकमेकींवरून जातात आणि गोंधळ होतो.

सावधान: दिशा महत्त्वाची आहे. सायकल पुढे जाताना व्हॉल्व्ह जमिनीपासून आधी मागे, मग वर, मग पुढे आणि शेवटी पुन्हा खाली येतो. व्हॉल्व्ह मागच्या बाजूला आडवा दिसला तर पाव फेरा झाला आहे, पुढच्या बाजूला आडवा दिसला तर पाऊण. हे उलटं धरलं तर अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे मीटरभराची चूक होते.

माझी नोंद: २१४ फेरे आणि १८ तारा. १८ भागिले ३६ म्हणजे अर्धा. एकूण २१४.५.

सायकल ढकलत नेण्यापेक्षा चालवा. ढकलताना तुमचं वजन चाकावर नसतं आणि हँडल सारखं डावं-उजवं होतं. चालवतानाही डुगडुगलात की फेरे वाढतात आणि अंतर आहे त्यापेक्षा जास्त येतं. दोनदा मोजा. दोन्हींत कमी फेरे ज्या वेळी आले, ती वेळ बहुधा जास्त खरी असते, अर्थात कुठे कोपरा कापला नसेल तर.

रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग नको. पाम बीच रोडवर वाशीहून किल्ला जंक्शनपर्यंत चाकाकडे पाहत फेरे मोजत जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. तिथे टप्पा १० मधलं यंत्र वापरा.

टप्पा ८: गुणाकार, आणि एककं

२.०३८ मी × २१४.५ = ४३७.१५ मी.

पाटीवर ४३७ लिहा. पुढचे ‘.१५’ सोडून द्या. परीघाच्या तीन मापांतच २ सेंटिमीटर इकडेतिकडे होते, म्हणजे हजारात एक भाग. इतक्या अंतरात त्याचा अर्धा मीटर होतो. त्याच्या खालच्या आकड्याला अर्थ नाही.

मुलांच्या गणितात सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. व्यास ४२ सेमी, फेरे २५०, अंतर किती? परीघ = २२/७ × ४२ = १३२ सेमी. अंतर = १३२ × २५० = ३३,००० सेमी = ३३० मी. चुका ठरलेल्या असतात. व्यास दिलेला असताना त्याला त्रिज्या समजून दुपटीने गुणणं. सेंटिमीटरचे मीटर करताना १०० ऐवजी १००० ने भागणं. आणि ‘किती फेरे होतील’ असं विचारलेलं असताना भागण्याऐवजी गुणणं. उत्तर लिहिल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारा: सायकलच्या चाकाच्या एका फेऱ्यात आपण साधारण दोन मीटर जातो, मग तुझं उत्तर त्याच्या आसपास बसतं का?

टप्पा ९: माहीत असलेल्या अंतरावर ताडून पाहा

स्टीलच्या टेपने १०० मीटर आखा: ३० मीटरचे तीन डाव आणि वर १० मीटर. प्रत्येक डावाच्या टोकाला बारीक रेघ मारा, जाड ठिपका नको. त्यावरून सायकल न्या. माझ्या चाकाला ४९ फेरे आणि साधारण अडीच तारा यायला हव्यात, कारण १०० भागिले २.०३८ म्हणजे ४९.०७. दोन-चार तारांचा फरक चालेल. पूर्ण फेऱ्याचा फरक आला तर परीघ पुन्हा मोजा.

कुठे ४०० मीटरची धावपट्टी असेल आणि परवानगी मिळाली तर तिथेही ताडता येतं. पण ते ४०० मीटर पहिल्या लेनमध्ये, आतल्या उंच कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजलेले असतात. लेन १.२२ मीटर रुंद असते. तुम्ही लेनच्या मधोमध गेलात तर फेरी सुमारे २ मीटरने वाढते. दुसऱ्या लेनच्या मधोमध तर सुमारे साडेनऊ मीटरने.

मोबाइलवरच्या अंतराने पडताळा घेऊ नका. उंच इमारतींमध्ये खूण इकडेतिकडे उडते आणि छोट्या वळणावर कोपरे कापले जातात. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगडही या कामाला पुरेसे नेमके नसतात.

टप्पा १०: सायकलच्या मीटरमध्ये आकडा भरा

चाकाच्या तारेला चुंबक आणि दांडीला सेन्सर असलेला छोटा मीटर बहुतेकांकडे असतो. तो फेरेच मोजतो, गुणाकार आत होतो. परीघ बहुधा मिलिमीटरमध्ये मागतो. माझा २०३८. एखादा मीटर सेंटिमीटर मागतो, तिथे २०४. माहितीपत्रक वाचून घ्या.

मित्राच्या मीटरमध्ये २०९६ हा आकडा तसाच राहिला होता. तो बारीक टायरच्या रोड सायकलचा, त्याची सायकल मात्र माझ्यासारखी २६ इंची. प्रत्यक्ष १० किलोमीटरला त्याचा मीटर १०.२८ दाखवत होता, आणि वेगही तेवढाच फुगलेला. महिनाभर तो स्वतःच्या तब्येतीवर खूश होता.

दुरुस्ती अशी: नवा आकडा = जुना आकडा × खरं अंतर ÷ मीटरने दाखवलेलं अंतर. २०९६ × १० ÷ १०.२८ = २०३९. मीटर जास्त दाखवत असेल तर नवा आकडा जुन्यापेक्षा कमीच यायला हवा. तुमचा वाढला असेल तर भागाकार उलटा झाला आहे.

तपासा: चाक हाताने सावकाश फिरवून प्रत्येक फेऱ्याला मीटर जागा होतो का ते पाहा. चुंबक दूर सरकलं असेल तर मधले फेरे सुटतात, आणि मग परीघ कितीही अचूक भरा, अंतर कमीच येणार.

चाक चालवून पाहणं शक्यच नसेल तर

मग टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा. स्कूटरच्या टायरवर ‘९०/१००-१०’ असं काही असतं. या एका ओळीत तीन वेगवेगळी मोजमापं आहेत: ९० ही रुंदी मिलिमीटरमध्ये, १०० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १० हा रिमचा व्यास इंचात. उंची ९० मिमी, ती वर आणि खाली मिळून १८०. रिम १० × २५.४ = २५४. व्यास ४३४ मिमी, परीघ सुमारे १३६३ मिमी.

सायकलच्या टायरवर बारीक अक्षरांत ‘५०-५५९’ अशी जोडी शोधा. व्यास = ५५९ + दोनदा ५० = ६५९ मिमी, परीघ २०७० मिमी. जुन्या काळ्या सायकलीवर ‘४०-६३५’ मिळेल, त्याचा परीघ २२४६. दुकानात ६३५ आणि ६२२ या दोन्ही रिमना काही जण ‘अठ्ठावीस’ म्हणतात. नावावर जाऊ नका, आकडा वाचा. आणि हे सगळे परीघ वजन न पडलेल्या चाकाचे आहेत, प्रत्यक्षात एखाद टक्का कमी धरा.

उलट गणित: ठरलेल्या अंतरावर खूण करणं

पाटी बदलल्यावर पुढचा प्रश्न आला. दहा फेऱ्या म्हणजे पाच किलोमीटर, असं धरून चालणारे प्रत्यक्षात ४३७० मीटरच चालत होते, ६३० मीटर कमी. मग पाच किलोमीटर पुरे कुठे होतात? अकरा फेऱ्यांचे ४८०७ मीटर, उरले १९३. इथे अंतर दिलेलं आहे आणि फेरे हवे आहेत, म्हणून भागायचं: १९३ ÷ २.०३८ = ९४.७. ‘.७’ गुणिले ३६ म्हणजे २५ तारा.

त्या रविवारी हवा पुन्हा ४५ वर आणली, अकरा ठिपक्यांचा परीघ एकदा तपासला आणि गेटच्या रेघेपासून आतल्या कडेने निघालो. ९४ ‘टक’ झाल्यावर थांबून सायकल इंच इंच पुढे सरकवली. खाली टेकलेल्या जागेपासून मागे व्हॉल्व्हपर्यंत पंचवीस तारा भरल्या, तेव्हा चाकाखाली खडूने खूण केली. ती पाण्याच्या टाकीच्या झाकणाजवळ आली. तिथे आता पांढरी रेघ आहे आणि बाजूला लिहिलं आहे: ‘११ फेऱ्या + इथपर्यंत = ५ किमी, आतल्या कडेने’.